गेटच्या रंगाला फोड येतात ते कशानं, आणि पुन्हा रंगवताना काय करावं

2019 च्या महापुरात आमचं कोल्हापूरच्या शाहूपुरीतलं गेट कमरेएवढ्या पाण्यात होतं. पाणी ओसरलं तेव्हा गणपती तोंडावर आलेले. गाळ पुसला, वायर ब्रश मारला आणि महागातला इपॉक्सी (हार्डनर मिसळून लावायचा रंग) आणून दोन हात दिले. पुढच्या जुलैत खालच्या पट्ट्यांवर हरभऱ्याएवढे फोड. दुकानदाराला शिव्या घालून झाल्या, पण चूक माझीच होती.

रंगाचा थर पाणी पूर्ण अडवतो, हा आपला गैरसमज. इपॉक्सी असो की पीयू (पॉलीयुरेथेनचा रंग), वाफ त्यातून हळूहळू झिरपतेच. खाली क्षार अडकलेले असले की ते हे पाणी ओढून घेतात. पाण्यात टाकलेला बेदाणा टरारतो, तसंच. आत खारं, बाहेर गोडं, हा फरक जितका मोठा तितका जोर जास्त. म्हणून पावसाचं स्वच्छ पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही जास्त फोड आणू शकतं. हे क्षार गाळातून येतात, घामट हातातून येतात, गंजाच्या खड्ड्यात दडून बसतात.

आधी सुईनं एक फोड फोडून बघा. पाणी निघालं आणि खाली लोखंडावर काळा-तांबूस डाग दिसला, तर बहुतेक क्षारच. कोरडा फोड आणि थिनरचा वास म्हणजे पहिला हात सुकायच्या आत दुसरा चढवलाय, किंवा कडक उन्हात रंगवलंय. खालचा प्रायमर शाबूत आणि वरचाच थर सुटलेला असेल, तर दोन हातांच्या मधे ओल किंवा धूळ राहिली.

आता काम. फोड आलेला भाग खरवडा, आणि ग्राइंडर लावण्याआधी धुवा. आधी घासलंत तर क्षार खड्ड्यात आणखी ठासून बसतात. साबणाचं पाणी, मग साधं पाणी. शेवटचं पाणी बोअरचं नको, नळाचं घ्या. मग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, पुन्हा धुवा, लगेच कोरडं करा. धुताना पाण्याचे थेंब गोळा होत असतील तर तेल राहिलंय. पाणी सलग पसरलं पाहिजे. यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही.

दिवस निवडणं सगळ्यात महत्त्वाचं. हवेतल्या वाफेचं ज्या तापमानाला पाणी होऊन जमतं तो दवबिंदू; लोखंडाचं तापमान त्यापेक्षा निदान 3 अंशांनी जास्त हवं. हवा 25 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर दवबिंदू 21 च्या आसपास, म्हणजे लोखंड 24 च्या वर पाहिजे. रात्रभर उघड्यावर असलेलं गेट पहाटे हवेपेक्षाही गार असतं. त्यामुळे कोल्हापुरात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. फेब्रुवारीत, ऊन्हं वर आल्यावर पण गेट तापायच्या आत करा.

हार्डनर, म्हणजे रंग घट्ट करणारा दुसरा डबा, अंदाजानं ओतू नका, मापानं घ्या. वेल्डच्या कडा आणि बिजागऱ्या आधी ब्रशनं भरून घ्या, तिथं रंग पातळ बसतो. इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरा पडतो, वरून पीयूचा हात द्या.

पूर्ण पक्कं व्हायला साधारण आठवडा लागतो. तोवर गेटवर ओले टॉवेल वाळत घालू नका. आमच्या घरी हे अजून कुणी ऐकत नाही.