बाथमध्ये गाइडशिवाय फिरायचंय? मग चढ आधी उरका

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून इंग्लंडमधल्या बाथ शहराच्या बाथ स्पा स्टेशनला ट्रेनने साधारण दीड तास लागतो. स्टेशनबाहेर पडलात की बहुतेक लोक थेट रोमन बाथ्सच्या, म्हणजे रोमन काळातल्या स्नानगृहांच्या, रांगेत शिरतात. तुम्ही ते शेवटी ठेवा. पाय ताजे असतात तेव्हा आधी मिल्सम स्ट्रीटने वर चढून ‘सर्कस’ नावाचा गोल चौक गाठा. इथे वर्तुळात वळलेल्या घरांच्या तीन रांगा आहेत, १७५४ साली बांधायला घेतलेल्या. मान वर करून तळमजल्याच्या वरच्या कडेची नक्षीपट्टी नीट बघा. साप, जहाजं, हत्यारं, वाद्यं अशी शेकडो छोटी शिल्पं आहेत. बरेच जण नुसता फोटो काढून पुढे जातात, आणि खरी गंमत तिथेच राहते!

पुढे दोन मिनिटांवर रॉयल क्रेसेंट: अर्धचंद्राकृती, सलग ३० घरं. समोर खालच्या बाजूच्या हिरवळीवर डबा उघडा.

उतरताना मुख्य रस्ता नको, ग्रॅव्हल वॉक ही पायवाट घ्या. इथून सर्कसच्या घरांची मागची बाजू दिसते आणि हसू येतं. पुढून एकसारखा रुबाब, मागे मात्र ज्याला जसं सुचलं तसं वाढवलेलं बांधकाम.

खाली पल्टनी ब्रिज लांबूनच, ग्रँड परेड या रस्त्यावरून बघा. पुलावर उभे राहिलात तर दोन्हीकडे दुकानंच, नदी दिसतच नाही. मग अ‍ॅबी, म्हणजे इथलं मोठं जुनं चर्च. दर्शनी भिंतीवर शिड्या चढणारे देवदूत आहेत, त्यातले काही डोकं खाली करून उतरताना शोधा.

बूट मात्र चांगल्या पकडीचे घाला, पावसात बाथमधल्या रस्त्यांची फरशी निसरडी होते.