प्रीमियर पद्मिनी गाडीच्या दारांच्या काचा उतरवायच्या असतील तर

गाडी रंगाला द्यायची म्हटली की पेंटर पहिलं वाक्य टाकतो, "काचा कशाला काढता, टेप मारतो." ऐकू नका. फेल्टच्या, म्हणजे काच ज्या मऊ पट्टीत सरकते तिच्या, मागचा गंज टेपखाली तसाच राहतो आणि जुन्या-नव्या रंगाची कड काचेशेजारी कायम दिसत राहते. काचा उतरवायच्याच. पण पान्याला हात लावण्याआधी गुडघ्यावर बसा आणि प्रत्येक दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवा. तिथे पाणी जायची भोकं आहेत. किती आहेत, कुठे आहेत, त्यांचा फोटो काढा. हे सगळ्यात आधी, कारण गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि भर पावसाळ्यात दार उघडलं की आत पाणी खळखळायचं.

दिवस निवडताना दिवाळीनंतरचे निवडा. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, गडबड चालू असताना दारं उघडून बसलात आणि वर मृग लागला तर संपलंच. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग धुरकट पडतो तो वेगळाच ताप.

हत्यारांचं सांगत नाही, ती असतातच. कापडी चिकटपट्टी आणि मार्कर मात्र घ्या. कागदी लेबलं आपल्या हवेत गळून पडतात, मग डावा स्क्रू कुठला नि उजवा कुठला ते शोधत बसा. फेल्ट आणि कमरेवरची, म्हणजे काच जिथे दारात उतरते त्या फटीची, रबरं आधीच आणून ठेवा. जुनी परत वापरू नका, फेल्टच्या आतली पत्ती गंजलेली असते आणि ती काचेवर उभ्या रेघा मारते.

काच पूर्ण वर करा आणि काच फिरवायचं हँडल कुठल्या कोनात उभं आहे त्याचा फोटो घ्या. मग हँडल काढा. जुन्या गाड्यांत कुठे मागची चकती दाबली की पिन दिसते, कुठे घोड्याच्या नालेसारखी क्लिप असते. आधी बघा, मग ओढा. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) पात्याने सोडवताना पातं क्लिपच्या अगदी जवळ घाला, दमटपणाने फुगलेलं हार्डबोर्ड क्लिपभोवतीच तुटतं. आतला प्लास्टिकचा कागद फाटला तर फाटू द्या, नवीन लावायचाच आहे. लावायचाच. दमून गेल्यावर हाच कागद "नंतर बघू" म्हणून राहतो.

मशीनला, म्हणजे काच खालीवर करणाऱ्या यंत्रणेला, हात लावण्याआधी काचेला आधार द्या: खाली लाकडी पाचर, वरून चौकटीवर रुंद टेप. नाहीतर बोल्ट सुटताच काच सरळ दाराच्या पोटात. मशीनवर गुंडाळी केलेली स्प्रिंग असेल तर तिचे रिव्हेट हौसेने उडवू नका. ताण एकदम सुटतो आणि बोटं जातात. पुढच्या दारात क्वार्टर ग्लासचा (पुढच्या कोपऱ्यातल्या छोट्या फिरत्या काचेचा) उभा खांब आधी ढिला करावा लागतो, तेव्हा कुठे मोठी काच तिरकी होऊन बाहेर येते. क्वार्टरच्या खालच्या खुंटीवर स्प्रिंग, वॉशर, नट ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा. तो ताण चुकला तर हायवेवर क्वार्टर वाऱ्याने आपोआप फिरतो. मागची दारं सोपी.

काचेच्या खालच्या कडेला पत्र्याचं चॅनेल असतं. ते काढण्याआधी काचेच्या टोकापासून ते किती अंतरावर बसलंय ते मोजून लिहा. पत्रा सडलेला असेल तर नवीन करून घ्या, पण माप जुनंच.

बाजूच्या काचा टफन्ड असतात. 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटक्यात थंड केलेल्या. कापणं, भोक पाडणं जे काय ते तापवण्याआधीच, नंतर नाही. काठाला टाइल लागली की सगळी काच दाणे-दाणे. म्हणून उभ्या ठेवा, खाली लाकूड, मध्ये जुन्या चादरी. जुनी काच शाबूत असेल तर तिच्या कोपऱ्यातली मूळ खूण घासू नका.

आता पत्रेकाम. दाराच्या आतली खालची शिवण खरवडा, प्राइमर मारा. डेंटरने पुट्टी ओढली की भोकं बघा. प्राइमर मारला की भोकं बघा. रंगानंतर बघा. आत गंजरोधक मेण फवारलं की परत बघा, ते तर हमखास तिथेच साचतं. छत्रीची जुनी काडी घ्या आणि प्रत्येक भोकातून आरपार घाला. काचेवरून पावसाचं पाणी दारात उतरणारच. बाहेरचं रबर कितीही नवं असलं तरी ते सगळं अडवत नाही, गाडी बनवणाऱ्यांनी तसं धरूनच भोकं ठेवली आहेत. ती बुजली की पाणी आत साठतं, पत्रा आतून खातं आणि नव्या रंगाला खालच्या कडेला फोड येतात. मग पेंटरला शिव्या देऊन काय उपयोग?

अंतिम रंगाआधी काच नव्या फेल्टमध्ये एकदा बसवून खालीवर करा. नवं फेल्ट जाड असतं. अडकली तर चौकट आत्ताच सरळ करता येते, रंगानंतर नाही.

बसवणं उलट क्रमाने. रंग नीट वाळू द्या, ओल्या रंगावर रबराचे वळ उठतात. चॅनेलमध्ये रबरपट्टी साबणाच्या पाण्याने. मशीनच्या दात्यांना ग्रीस, फेल्टला सिलिकॉन स्प्रे. फेल्टला तेल नको, डिचोली-साखळीकडची लाल धूळ त्यात बसते आणि काच घासते. बोल्ट ढिले ठेवून काच खालीवर करा, मग आवळा. पॅड लावण्याआधी काचेच्या फटीतून तांब्याभर पाणी ओता. खाली लगेच धार लागली पाहिजे. थेंब थेंब चालणार नाही, काडी घ्या. चारही दारं. मग प्लास्टिकचा कागद, खालची कड दाराच्या आत वळवून. मग पॅड. हँडलं फोटो बघून.

काळी फिल्म लावू नका, बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा असा नियम आहे. लॉकची बटणं वगैरे ज्याची त्याने बघावीत.