हेडलेस बेस वर्षानुवर्षं कसा सांभाळावा

नेड स्टाइनबर्गर या अमेरिकी डिझायनरने १९८० च्या सुमारास बेस गिटारचं डोकंच काढून टाकलं. शेंड्याकडच्या खुंट्या गेल्या, तारा ताणायचे स्क्रू खाली ब्रिजवर (तारा जिथे खोडाला टेकतात तो भाग) आले आणि लाकडाच्या जागी कार्बन फायबर व इपॉक्सी आलं. ‘रश’ बँडचा गेडी ली आणि बेसवादक टोनी लेविन यांच्या हातात तो दिसला आणि जगभर त्याच्या नकला निघाल्या. पुढे ‘स्पिरिट’ नावाने स्वस्त लाकडी मॉडेलंही आली. तुमच्याकडे यातला कोणताही असला, तरी गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने असा बेस याआधी उघडलेला नसतो. त्यामुळे बरीचशी कामं आपणच शिकून घ्यावी लागतात.

सुरुवात तारांपासून करा. या बेसला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या, म्हणजे ‘डबल बॉल’ तारा लागतात. त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून एक संच लावला की दुसरा घरात हवाच. घेताना ३४ इंची स्केलसाठीच (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) आहेत ना, हे तपासा. ब्रिजच्या स्क्रूला सरकायला जागा मोजकीच असते. तार थोडी लांब निघाली, तर स्क्रू पूर्ण फिरवूनही ती सुरात येत नाही. काही मॉडेलांच्या शेंड्याला साधी तार आवळायची सोय असते. तिथे तार आधी काटकोनात वाकवा, स्क्रू आवळा आणि मगच जादा टोक कापा. आधी कापलीत तर वरचा वेढा सुटतो आणि तार बोदी वाजते. तारा एकेक करून बदला, म्हणजे ब्रिजवरची सॅडलं (तारा ज्यांवर टेकतात ते छोटे तुकडे) जागची हलत नाहीत.

ब्रिजकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. हाताचा घाम थेट तिथेच पडतो. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा. तारा बदलताना ट्यूनिंगचे स्क्रू बाहेर काढा, जुन्या टूथब्रशने आटे साफ करा आणि किंचित ग्रीस लावा. स्क्रू जड फिरायला लागला की पक्कड लावायचा मोह होतो. तो टाळा. आधी तार सैल करा, मग साफसफाई. इंटोनेशनसाठी, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागावा म्हणून, बाराव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. स्टाइनबर्गरच्या ब्रिजवर सॅडलं बाजूच्या एका स्क्रूने एकत्र आवळलेली असतात. तो सैल करून सॅडल हाताने सरकवायचं, दाबलेला सूर चढा असेल तर मागे, उतरा असेल तर पुढे.

मानेचं काम मॉडेलवर ठरतं. जुन्या कार्बनच्या मानेत ट्रस रॉड (मानेचा बाक सुधारायचा आतला धातूचा दांडा) नसतो, आणि ऋतू बदलला तरी ती सहसा हलत नाही. लाकडी मान मात्र मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वाकते. ट्रस रॉड एका वेळी पाव फेराच फिरवा, दिवसभर थांबा, मग पुन्हा बघा. कार्बनच्या बेसची फ्रेट झिजली तर मात्र जाणकाराकडेच जा. तिथे घरगुती प्रयोग नको.

अॅक्टिव्ह पिकअपना (तारांचा कंप टिपणारे, विजेवर चालणारे भाग) ९ व्होल्टची बॅटरी लागते. केबल जॅकमध्ये घातली की बॅटरी सुरू होते, म्हणून रियाझ संपला की केबल काढा. जोरात छेडलेला सूर फाटायला लागला, तर अॅम्पला दोष देण्याआधी बॅटरी बदला. बेस कित्येक महिने पडून राहणार असेल तर ती काढूनच ठेवा, गळली तर कप्पा गंजतो.

डोकं नसल्यामुळे भिंतीवरचा नेहमीचा हँगर कुचकामी. पॅडच्या बॅगेत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. पट्टा अडकवायची फिरती पट्टी आणि मांडीवर टेकायचा पाय यांचे स्क्रू वाजवता वाजवता सैल होतात, ते अधूनमधून आवळा.

बॅगेच्या कप्प्यात ॲलन कीचा (षटकोनी टोकाच्या किल्ल्यांचा) संच आणि एक चिठ्ठी ठेवा: तारांची जाडी, बाराव्या फ्रेटवरची तारेची उंची, किल्ल्यांची मापं. बेस कधी विकलात, तर चिठ्ठीही बरोबर द्या.