शेरूचा शाम्पू आणि नागपूरचं ऊन

आमच्या कुत्र्याचं, शेरूचं, सगळं सामान आधी गच्चीवरच्या टिनाच्या न्हाणीत असायचं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात, टिनाखाली तर भट्टीच. दोन महिन्यांत शाम्पू फाटला, वाइप्स पापडासारखे वाळले, नखं कापायची कात्री गंजली. सगळं कचऱ्यात. आई म्हणाली, "काऊन रे, कुत्र्यासाठी वापरण्यापरीस बाटल्या फेकतोसच जास्त!"

पण दोष एकट्या उन्हाचा नव्हता. शाम्पू जास्त दिवस पुरावा म्हणून मी बाटलीतच पाणी घालून ठेवायचो. पाण्याने त्यातलं प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे शाम्पू टिकवणारं रसायन, पातळ होतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. शाम्पूला वास यायचा तो त्यामुळेच. आता अंघोळीच्या दिवशी मगमध्ये लागेल तेवढाच कालवतो.

सामान आतल्या खोलीतल्या कपाटात हलवलं, तर पुढच्या उन्हाळ्यात कात्री पुन्हा गंजली! कपाट कूलरच्या तोंडासमोर होतं, दमट हवा थेट आत. कपाट सरकवलं, कात्री पुसून, तेलाचा थेंब लावून ठेवतो. वाइप्स घट्ट झाकणाच्या डब्यात, पाकीट पालथं, म्हणजे वरचेही ओले राहतात.

बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि '१२ एम' असेल तर उघडल्यापासून बारा महिने वापरायचं. म्हणून उघडल्याची तारीख मार्करने लिहितो. गोचिडाचं औषध मात्र मूळ बाटलीतच, पोरांच्या हाताला लागणार नाही अशा वरच्या कप्प्यात. नवी बाटली जुनी संपल्यावरच, सेल असला तरी.