सील पुन्हा बदलण्याआधी ब्रीदर पाहा

चिखलात फिरणाऱ्या जीपच्या अ‍ॅक्सलचे ऑइल सील नवे बसवूनही लवकरच पुन्हा गळू लागले, तर आधी अ‍ॅक्सल हाउसिंगवरचा (बाहेरच्या कवचावरचा) ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपीदार तोटी, तपासावा. तो चिखलाने बुजला की ऑइल तापल्यावर आत वाढणारा दाब सीलमधूनच वाट काढतो.

गाडी थंड असताना भोवतालची माती ब्रशने झाडून ब्रीदर काढावा, डिझेलमध्ये धुऊन हवा मारावी आणि त्याची टोपी बोटाने सैल हलते की नाही ते पाहावे. ओढे नेहमी ओलांडावे लागत असतील, तर ब्रीदरच्या जागी ऑइलला टिकणारी रबरी नळी जोडून, चाकाच्या वर-खाली होण्यापुरती ढील ठेवून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर बांधावे. हा खर्च सीलच्या मजुरीपेक्षा बहुधा कमीच येतो.

मात्र ऑइल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरलेले असते, तेव्हा ते बदलल्याखेरीज गाडी चालवू नये.