कंबरदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढतच चाललीय? आधी हे बघा

कंबर धरली की पहिले काही दिवस आपण फारसं मनावर घेत नाही, उसण भरली असेल, जाईल आपोआप, असं म्हणतो आणि बहुतेक वेळा जातेही, साध्या कंबरदुखीत चार-सहा आठवड्यांत बऱ्याच जणांना चांगला आराम पडतो. पण तीन आठवडे झाले आणि दुखणं उलट वाढतच चाललंय तर? मी यातून गेलोय म्हणून सांगतो, आधी "वाढतंय" म्हणजे नेमकं काय वाढतंय ते बघा. कळ जास्त जोरात येतेय, का दुखणं खाली पायात उतरतंय, का पाय बधीर पडायला लागलाय? तिन्हींचा अर्थ वेगळा आहे.

माझं आधी नुसतं कमरेत होतं, मग कुल्ल्यात, मग मांडीच्या मागून पोटरीपर्यंत. मी मात्र रोज किती दुखतंय एवढंच बघत होतो. एकदा जिना उतरताना डाव्या पायातली चप्पल वरच्या पायरीवरच राहिली आणि मला खाली पोचेपर्यंत पत्ताच नाही, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी दुखत कमी होतं म्हणून मी खुश होतो. डॉक्टर म्हणाले, दुखणं कमी होतंय पण पायातली ताकद जातेय हे बरं होण्याचं लक्षण नाही, नस जास्त दबत असू शकते.

त्यामुळे रोज सकाळी एवढं करून बघा. भिंतीजवळ, चवडे वर उचलून नुसत्या टाचांवर दहा पावलं चाला. मग टाचा उचलून चवड्यांवर दहा पावलं. मग भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा वर-खाली, नंतर दुसऱ्या पायावर. एका बाजूचा चवडा खाली पडतोय, किंवा एकीकडे दहा होतात आणि दुसरीकडे तीनवरच पाय थकतो, असं नव्याने दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि हे नीट वाचा, यात लाजायचं काही नाही. लघवी अडकतेय, किंवा लागलेली कळतच नाही, नकळत होतेय, संडासवरचा ताबा गेलाय, मांड्यांच्या मधली बसायची जागा बधीर वाटतेय, दोन्ही पाय एकदम लुळे पडतायत, यातलं काहीही एक जरी असेल तरी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. कण्याच्या खालच्या टोकाशी नसांचा जुडगा असतो, कॉडा इक्वायना म्हणतात त्याला, तो दबला तर उशीर झाल्यावर ताबा परत येईलच असं नाही. ताप, विनाकारण वजन उतरणं, आधी कधी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, बरेच दिवस स्टेरॉइड चालू असणं, यातही घरगुती उपाय करत बसू नका.

अजून एक, पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, तीन महिन्यांहून जुनी कंबरदुखी, सकाळी अर्धा तास अंग आखडलेलं आणि हालचाल केली की बरं, आराम केला की वाईट, असं असेल तर तो संधिवाताचा प्रकार असू शकतो, रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा.

यातलं काहीच नसेल तर? झोपून राहू नका, माझी सगळ्यात मोठी चूक हीच, आठ दिवस पडून होतो आणि उठलो तेव्हा कंबर लाकडासारखी. एखादा दिवस ठीक, मग दर दोन-तीन तासांनी पाच मिनिटं का होईना चाला, थोडं दुखलं तरी चालेल, फक्त पायातली कळ आणखी खाली उतरत नाही ना ते बघा. पोटरीतलं दुखणं वर सरकून कमरेत आलं तर ते चांगलं लक्षण, कंबर जास्त दुखली तरी. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नका, आधी गुडघे दुमडा, पूर्ण अंग एकदम कुशीवर वळवा, पाय कडेवरून खाली सोडा आणि हातांनी गादीवर जोर देऊन वर या. शेक बरा वाटतो. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या थोडे दिवस ठीक, पण अल्सर, किडनी, बीपी, रक्त पातळ करायची औषधं असतील तर विचारल्याशिवाय नको. आणि पाय बधीर असताना कुणाकडून झटका देऊन मणका बसवून घेऊ नका.

एमआरआयमध्ये "डिस्क बल्ज", म्हणजे दोन मणक्यांमधली गादी फुगलीय, असं लिहून आलं म्हणून हातपाय गाळू नका. काहीच दुखत नसलेल्या माणसांच्या स्कॅनचा 2015 साली एकत्र आढावा घेतला होता, त्यात विशीतल्या 37 टक्के लोकांची मणक्यातली गादी झिजलेली दिसली आणि ऐंशीच्या वयात 96 टक्के. रिपोर्ट आणि तुमची लक्षणं जुळतात का हे डॉक्टरला विचारा.

सहा आठवड्यांत फरक नाही तर परत जा, आणि जाताना फक्त "खूप दुखतंय" सांगू नका. दुखणं कुठपर्यंत उतरतं, बसून वाढतं का चालून, खोकताना-शिंकताना कळ जाते का, मुंग्या कुठल्या बोटात, टाचांवर चालता येतं का, हे तारखेसकट लिहून न्या. मी असा कागद नेला तेव्हा डॉक्टरांनी तो वाचला आणि लगेच बूट काढायला सांगून माझा अंगठा तपासला.