पावती नंबरातून तारीख काढताय? या चुका टाळा

"माझा ऊस मार्चच्या पाच तारखेला गेला की रे. ह्यात २०४२ साल कुठनं आलं?" त्यांच्या ऊस पावत्यांच्या नंबरांतून तारखा काढून मी छापून दिलेला कागद शेजारच्या आप्पांनी परत माझ्यापुढे ठेवला. त्यांच्या सातव्या ओळीत १९ सप्टेंबर २०४२ अशी तारीख होती. आठव्या ओळीतली तारीख मात्र बरोबर होती.

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात एकाच घरचा ऊस दोन-तीन कारखान्यांना जातो. काही खेपा इकडे पडतात, काही राज्याची हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या कागलकडे जातात. प्रत्येकाची काटा पावती (वजनाची पावती) वेगळी, नंबराची रचना वेगळी. तारखेचा वेगळा रकाना प्रत्येक यादीत नसतो, पण नंबराच्या पोटात ती बहुधा असते. ती बरोबर निघायलाच हवी. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे लेखी करार वेगळा नसेल तर ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ६०,००० रुपयांचं बिल २० दिवस लांबलं तर सुमारे ४९३ रुपये होतात. हा हिशोब सुरूच तारखेपासून होतो.

खालची सूत्रं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. एक्सेलच्या शीटमध्ये टाकताना फंक्शनची (म्हणजे एक्सेलच्या तयार सूत्रांची) नावं, रकान्यांची आणि फॉरमॅटची अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा.

पुढचं शून्य गळतं, तिथून सगळं बिघडतं

आप्पांच्या पावतीचा नंबर होता ०७०५०३२४००१२३४. पहिले दोन आकडे विभागाचे, पुढचे सहा तारखेचे (दिवस, महिना, साल), उरलेले सहा अनुक्रमाचे. एकूण १४. एक्सेलने याला संख्या मानलं आणि पुढचं शून्य टाकून दिलं. उरले १३ आकडे, आणि माझं सूत्र तिसऱ्या आकड्यापासूनच कापत राहिलं. दिवस निघाला ५०, महिना ३२, साल ४०.

असा दिवस आणि असा महिना दिल्यावर एक्सेल चूक दाखवेल असं आपल्याला वाटतं. ते दाखवत नाही. डेट फंक्शन ३२ वा महिना म्हणजे दोन वर्षं आणि आठ महिने धरतं, म्हणजे ऑगस्ट २०४२. त्या ऑगस्टचा ५० वा दिवस म्हणजे १९ सप्टेंबर. लाल अक्षर नाही, इशारा नाही. आठव्या ओळीतली पावती १७ नंबरच्या विभागाची होती, तिला पुढे शून्यच नव्हतं, म्हणून ती बरोबर आली. यादीतल्या वरच्या दोन-चार ओळी तपासून समाधान मानलं की ही चूक हमखास निसटते.

उपाय दोन पायऱ्यांचा. आधी ए२ मधला पावती नंबर बी२ मध्ये पुन्हा १४ आकडी करून घ्या:

=टेक्स्ट(ए२,"००००००००००००००")

मग सी२ मध्ये तारीख बांधा (मिड(बी२,७,२) म्हणजे बी२ मधल्या सातव्या आकड्यापासून दोन आकडे):

=डेट(२०००+मिड(बी२,७,२),मिड(बी२,५,२),मिड(बी२,३,२))

यातलं २०००+ विसरू नका. डेट फंक्शनला नुसतं २४ दिलं तर ते १९२४ धरतं. रकान्यात साल दोनच आकडी दिसत असेल तर ०५-०३-२४ बघून काहीच कळत नाही. म्हणून तारखेचा रकाना कायम चार आकडी सालात ठेवा.

पंधराच्या पुढचे आकडे परत येत नाहीत

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते, कारण ती दुरुस्त होत नाही. दुसऱ्या एका यादीत नंबर १८ आकडी होता आणि तारीख शेवटी, २०२४०३०५ अशी. एक्सेल संख्येचे १५ च आकडे खरे ठेवतं, पुढचे शून्य करतं. म्हणजे शेवटचे ३०५ गेले आणि तारीख उरली २०२४००००. शून्यावा महिना म्हणजे आदल्या वर्षाचा डिसेंबर, त्याचा शून्यावा दिवस म्हणजे ३० नोव्हेंबर २०२३. जानेवारी ते मार्चच्या सगळ्या पावत्यांना हीच एक तारीख लागली, आणि डिसेंबरच्या पावत्यांना ३० सप्टेंबर. एवढ्या खेपांचा काटा एकाच दिवशी झालेला दिसला की समजा, आकडे तुटले आहेत.

नंतर रकाना टेक्स्ट करून उपयोग नाही, गेलेला आकडा त्या फाइलमध्ये राहिलेलाच नसतो. मूळ यादी पुन्हा घ्यावी लागते. रकाना आधी टेक्स्ट करा, मग पेस्ट करा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी यादी) असेल तर तिच्यावर डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेलच्या डेटा मेनूतून आत घ्या आणि नंबराच्या रकान्याला तिथेच टेक्स्ट हा प्रकार द्या. यात पुढचं शून्यही वाचतं, म्हणजे वरची पहिली अडचणही मिटते.

नंबर ७.०५ई+१२ असा दिसला म्हणून मात्र घाबरू नका. तो फक्त दाखवण्याचा प्रकार आहे. १५ आकड्यांच्या आतला नंबर असेल तर पूर्ण आकडे आत शाबूत असतात.

कापलेला तुकडा म्हणजे तारीख नव्हे

मिड, लेफ्ट, राइट (मधून, डावीकडून, उजवीकडून कापणारी फंक्शनं) यांच्यातून जे निघतं ते अक्षरं असतात. ०५०३२४ हा तुकडा तारखेसारखा दिसतो, पण त्यात १४ मिळवून मुदत काढली तर एक्सेल त्याला ५०,३२४ समजून ५०,३३८ देतं, आणि तारखेच्या रूपात ते २५ ऑक्टोबर २०३७ होतं. तुकडे डेटमध्ये घालूनच तारीख बनवा. उलट डेट लावल्यावर ४५३५६ असा आकडा दिसला तर सूत्र बरोबर आहे. तो ५ मार्च २०२४ चाच दिवसांचा क्रमांक आहे, फक्त रकान्याला तारखेचं फॉरमॅट द्यायचं राहिलंय.

काहीजण तुकड्यांमध्ये तिरप्या रेघा घालून डेटव्हॅल्यू (लिहिलेल्या मजकुराची तारीख करणारं फंक्शन) वापरतात. ते टाळा. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०५/०३/२०२४ ची ३ मे होते, आणि १२ च्या पुढच्या दिवसांवर चूक येते. एकच फाइल घरच्या आणि सोसायटीतल्या संगणकावर वेगळी वागते ती यामुळेच.

वेबपेजवरून नंबर कॉपी केला असेल तर न दिसणारी एक जागा चिकटून येते. जादा जागा काढणाऱ्या ट्रिम फंक्शनने ती जात नाही. लेन फंक्शनने आकडे मोजा. १४ ऐवजी १५ आले तर ती जागा कॉपी करून फाइंड अँड रिप्लेसने काढा.

हाताने लिहिलेल्या पावतीवर कन्नड अंक असतील तर उतरवतानाच काळजी घ्या. कन्नड एक म्हणजे खाली उघडं कडं आणि शून्य म्हणजे पूर्ण कडं. घाईत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात.

उलटी तपासणी

हा रकाना मी आता प्रत्येक यादीत घालतो:

=टेक्स्ट(सी२,"डीडीएमएमवायवाय")=मिड(बी२,३,६)

बनवलेली तारीख परत सहा आकडी केली आणि ती मूळ तुकड्याशी जुळली नाही तर फॉल्स (चूक) येतं. ३१ नोव्हेंबर लिहिलेली पावती, जी एरवी गुपचूप १ डिसेंबर होते, ती इथे सापडते. शतकाची चूक मात्र यात सापडत नाही, १९२४ चेही शेवटचे दोन आकडे २४ च. त्यासाठी रकान्याची मिन आणि मॅक्स, म्हणजे सगळ्यात आधीची आणि सगळ्यात नंतरची तारीख काढा. दोन्ही तारखा गळीत हंगामात बसल्या पाहिजेत.

हीच रीत बिलाचे पैसे जमा झाले का हे जुळवतानाही चालते. आरटीजीएसने आलेल्या पैशांच्या २२ अक्षरी यूटीआरमध्ये (बँकेच्या व्यवहार क्रमांकात) सातव्या जागेपासून आठ आकडे साल-महिना-दिवस असतात. यूपीआयच्या १२ आकडी नंबरात बहुधा पहिला आकडा सालाचा शेवटचा आणि पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे. ४०६५ ने सुरू होणारा नंबर २०२४ च्या ६५ व्या दिवसाचा. इथे डेटचा तोच स्वभाव कामाला येतो, जानेवारीचा ६५ वा दिवस मागितला की ते ५ मार्च देतं:

=डेट(२०२०+लेफ्ट(ए२,१),१,मिड(ए२,२,३))

२०३० पासूनच्या व्यवहारांना यातलं २०२० बदलून २०३० करावं लागेल.

आप्पांना दुसऱ्यांदा कागद दिला तेव्हा तारखेशेजारी पूर्ण पावती नंबरही छापला. त्यांनी चष्मा लावला, पहिले दोन आकडे अंगठ्याने झाकले आणि पुढचे सहा बोटाने मोजत सगळ्या ओळी स्वतः जुळवून घेतल्या.